सासरे रात्री कवळी काढायला तयार नाहीत. काय करावं?

उपवनकाठ | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, विषय जरा नाजूक आहे. ओळखीच्यांत विचारलं की घरोघर होतं, म्हणून इथे विचारते.

सासऱ्यांना (वय ७८) यंदा वरची-खालची दोन्ही पूर्ण कवळी बसवली. बसली छान, चेहरा भरला, पोळी खाता येते. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की रात्री काढून पाण्यात ठेवायची आणि टूथपेस्टने घासायची नाही. बाबा दोन्ही ऐकत नाहीत. सकाळी कवळी तोंडातच ठेवून पेस्ट-ब्रशने खसाखसा घासतात, पूर्वी दात घासायचे तसेच. झोपताना काढतात की नाही ते कळायला मार्ग नाही, पण काढलेली आम्ही कुणी पाहिलेली नाही. डॉक्टरांनी दिलेली प्लास्टिकची डबी आजही कोरीच्या कोरी आहे.

मध्यंतरी माझ्या मुलाने पोराटकीने "आजोबा, तुमच्या तोंडाला वास येतो" म्हटलं. तेव्हापासून बाबा त्याला जवळ घेताना मान फिरवतात. मला फार वाईट वाटलं. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. काल टॉर्च लावून बघते म्हटलं तर आधी नाही म्हणाले, मग नवऱ्याला दाखवलं. टाळू लालभडक आहे म्हणे, पण दुखत अजिबात नाही.

रात्री काढणं खरंच इतकं गरजेचं आहे का? साफ कशाने करायची? त्या फसफसणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होतो का? आणि मुख्य म्हणजे हे सगळं सुनेने सांगायचं कसं?

---

खवचट_खेकडा | रविवार, रात्री ९:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलो. स्वतःचे दात आहेत तोवर खाऊन घेतो.

---

राममारुतीरोड | रविवार, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. आमच्याकडे आईचं माप द्यायचं चाललंय, उपयोगी पडेल.

---

निवांत_नेरुळ | रविवार, रात्री ११:१८

ताई, मी स्वतः कवळीवाला, वय ७१. साफसफाईचं इथे बरेच जण सांगतील. मी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलतो.

कवळी काढली की गाल आत जातात, ओठ आत वळतात, नाक हनुवटीला भेटायला येतं. आरशात आपलाच बाप दिसतो, तोही शेवटच्या आजारातला. बोलायला जावं तर शब्द ओठातून निसटतात, थुंकी उडते. ज्या माणसाने चाळीस वर्षं ऑफिसात इस्त्रीचा शर्ट घालून काढली त्याला हे बोळकं घरच्यांना दाखवायचं नसतं. माझ्या बायकोने पाहिलेलं मला चालतं. सुनेने पाहिलं तर मला दिवसभर तिच्याशी नीट बोलता येत नाही. यात तर्क शोधू नका.

तेव्हा आधी हे बघा, बाबांच्या खोलीला आतून कडी आहे का? बेसिन खोलीतच आहे की रात्री हॉलमधून जावं लागतं? हॉलमध्ये तुम्ही टीव्ही बघत बसलेले असता का? आमच्या जुन्या वन-बीएचकेत मी सगळे झोपायची वाट बघत बसायचो, आणि बऱ्याचदा त्या नादात मलाच झोप लागायची, कवळी तोंडात. नंतर मोठ्या घरात आलो, खोलीला बाथरूम मिळालं, प्रश्न मिटला. आरोग्यशिक्षण वगैरे काही कामाला आलं नाही.

बाकी माझी पद्धत: बेसिनमध्ये चार बोटं पाणी सोडतो आणि तळाला नॅपकिन टाकतो, कारण साबणाने कवळी बुळबुळीत होते आणि कोरड्या बेसिनवर पडली की दोन तुकडे. खालची कवळी घोड्याच्या नालेच्या आकाराची असते, तिची दोन टोकं मुठीत दाबून धरायची नाहीत, मध्ये मोडते. मऊ ब्रश, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आतली बाजू आधी. आतली म्हणजे हिरडीला चिकटते ती. घाण तिथे असते, लोक चकाकी यावी म्हणून बाहेरचे दात घासत बसतात.

---

दंतकथा | सोमवार, सकाळी ७:३०

मी ठाण्यात प्रॅक्टिस करते, आयडीवरून ओळखलं असेलच. नेरुळकाकांचा प्रतिसाद माझ्या वेटिंग रूममध्ये लावावा असा आहे.

उपवनकाठ, टाळू लाल आणि दुखत नाही हे वाचून सांगते, त्यांना या आठवड्यात दाखवून घ्या. कवळीच्या आकाराएवढाच लाल भाग दिसत असेल तर बहुतेक कँडिडा नावाच्या बुरशीचा प्रकार असतो. वरची कवळी टाळूला घट्ट चिकटते, तिच्याखाली लाळ पोचत नाही. लाळ हीच तोंडातली रोजची धुलाई. त्यात झोपेत लाळ आणखी कमी सुटते. रात्रभर तशीच कवळी राहिली की बुरशीला उबदार, ओली, बंद जागा मिळते. मधुमेह नीट ताब्यात नसेल तर तिला आणखी बरं. ओठांचे कोपरे फाटतात का तेही बघा. बरेच लोक व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत राहतात आणि कारण असतं कवळीत.

औषधाचं नाव इथे लिहिणार नाही, कारण मग मेडिकलवाल्याकडून थेट आणलं जातं. एक मात्र सांगून ठेवते: रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर मायकोनॅझोलचं तोंडात लावायचं जेल परस्पर आणू नका, रक्तस्राव होऊ शकतो. आणि उपचार टाळू आणि कवळी दोन्हींवर करावे लागतात. फक्त टाळूला औषध लावलं तर कवळीतली बुरशी परत येऊन बसते.

टूथपेस्टबद्दल. खऱ्या दातावरचं आवरण फार कठीण असतं, कवळी अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे त्या मानाने मऊ. पेस्टमधल्या खरखरीत कणांनी तिच्यावर बारीक ओरखडे पडतात. ओरखडे पडलेल्या प्लास्टिकच्या डब्याला हळद कशी धरून बसते? तसंच इथे जंतू आणि चहाचे डाग. शिवाय तोंडात ठेवून घासली तर आतली बाजू घासलीच जात नाही.

फसफसणाऱ्या गोळ्या चांगल्या, क्लिनसोडेंट, पॉलिडेंट वगैरे मिळतात. पण त्या ब्रशच्या जागी नाहीत, ब्रशनंतर. तोंडात घालण्यापूर्वी कवळी वाहत्या पाण्याखाली नीट धुवायची. गोळी किंवा तिचं पाणी पोटात जाता कामा नये. काही गोळ्यांत परसल्फेट असतं, त्याची काही जणांना अ‍ॅलर्जी असते. घरात विसरभोळं माणूस असेल तर पाकीट उचलून ठेवा, ती गोळी अगदी औषधाच्या गोळीसारखी दिसते.

आणि कवळी काढल्यावर हिरड्या, टाळू, जीभ हेही मऊ ब्रशने किंवा ओल्या मलमलीने पुसायचं. दात गेले म्हणजे तोंड धुवायचं काम संपलं असा समज फार आहे.

---

शंकेखोर | सोमवार, सकाळी ९:१२

माझी मावशी (डोंबिवली) कित्येक वर्षं कवळी घालून झोपते. नव्वदीला टेकली, अजून कोळंबीचं कालवण स्वतः करते. शिवाय माझ्या मेव्हण्याला त्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "रात्रीसुद्धा काढू नका." मग नक्की कुणाचं ऐकायचं? दर डॉक्टरचं शास्त्र वेगळं.

---

दंतकथा | सोमवार, दुपारी १:४५

मेव्हण्यांचे दात काढून त्याच बैठकीत कवळी बसवली होती का? तसं असेल तर डॉक्टर बरोबर होते. ताज्या जखमेवर बसवलेली कवळी पहिले चोवीस तास काढत नाहीत. काढली तर सूज येऊन परत बसत नाही. नंतर मात्र रोजचाच नियम. अर्धी सूचना लक्षात राहते ती अशी.

मावशींना दंडवत. पण जपानमध्ये ८५ च्या पुढच्या ५२४ लोकांची तीन वर्षं पाहणी केली होती, २०१४ साली प्रसिद्ध झाली. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका इतरांच्या २.३ पट निघाला. तोंडातले जंतू झोपेत लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात.

---

शंकेखोर | सोमवार, दुपारी २:२०

घालून झोपणारे मुळातच आळशी असतील, तोंडही धूत नसतील. मग दोष कवळीचा की आळसाचा?

---

दंतकथा | सोमवार, रात्री १०:१०

शंका रास्त आहे. त्या पाहणीतही घालून झोपणाऱ्यांच्या कवळीवर आणि जिभेवर जास्त थर सापडला होता. पण वय, तब्येत वगैरे इतर गोष्टींचा हिशोब मांडूनही फरक उरला. एका पाहणीवर जग चालत नाही हे मान्य. तरी हिरडीला काही तास मोकळी हवा मिळावी याबद्दल आमच्यात फारसे मतभेद नाहीत.

---

घोडबंदरी | सोमवार, रात्री १०:३२

आमच्याकडे घोडबंदर रोडला टँकरचं पाणी. नळाला पांढरे डाग पडतात ते कवळीवर पडणार नाहीत का? वडिलांची कवळी बिसलेरीत ठेवायची का आता? आमचा मेंटेनन्स आधीच गगनाला भिडलाय.

---

निवांत_नेरुळ | सोमवार, रात्री ११:०१

पिण्यायोग्य पाणी हवं, बस. फिल्टरचं घ्या. रोज बदला, तेच पाणी आठवडाभर वापरलं तर बिसलेरी असली तरी काय उपयोग? पांढरं किटण धरलंच तर साधं व्हिनेगर आणि तितकंच पाणी यात थोडा वेळ बुडवून ब्रश करायचं. सुरीने खरवडायचं नाही. आमच्या वॉकिंग ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी पेनातल्या ब्लेडने खरवडली, मग कवळीची कड जिभेला लागायला लागली.

---

दंतकथा | सोमवार, रात्री ११:०९

+१. फक्त धातूची कवळी असेल तर व्हिनेगरही जपून आणि ब्लीच तर नकोच. उकळतं पाणीही नको. लहान मुलांच्या बाटल्या उकळतात त्या सवयीने कवळी पातेल्यात टाकणारे लोक माझ्याकडे येतात. अ‍ॅक्रिलिक वाकतं आणि मग ती कुठल्याच तोंडात बसत नाही.

---

सुगरण_आजी | मंगळवार, सकाळी ६:१५

तुम्ही सगळी मुलं केमिकलच्या मागे. आमच्या सासूबाई खायचा सोडा आणि जाड मीठ लावून घासायच्या, कवळी मोत्यासारखी. लिंबाची साल पण चांगली. कसल्या गोळ्या नि कसलं काय.

---

दंतकथा | मंगळवार, सकाळी ८:००

आजी, सोड्याच्या पाण्यात भिजत ठेवायला माझी ना नाही, वास जातो. पण जाड मिठाने घासायचं नाही, पेस्टचीच गत. लिंबाची साल लोणच्यात बरी.

---

सुगरण_आजी | मंगळवार, सकाळी ८:२०

बरं बाई. लोणचं तरी चावतंय का आता.

---

कळवा_लोकल | मंगळवार, सकाळी १०:४४

स्वच्छतेवरून आठवलं. काकांच्या पंच्याहत्तरीला सगळं खानदान थाळी जेवायला गेलो, ठाण्यातच, हॉटेलचं नाव सांगत नाही. काकांच्या खालच्या कवळीखाली पेरूच्या कोशिंबिरीतली बी अडकली. सभ्य माणूस, हळूच काढली, टिश्यूत गुंडाळली, ताटाशेजारी ठेवली, म्हणजे श्रीखंड संपलं की धुवून घालतो. वेटरने सभ्यपणे टिश्यू उचलला. पुढचा अर्धा तास मी, दोन चुलतभाऊ आणि हॉटेलचा मॅनेजर मागच्या गल्लीत काळ्या पिशव्या उपसत होतो. तिसऱ्या पिशवीत सापडली. सोबत आणखी एक सापडली, ती कुणाची ते आजतागायत कळलेलं नाही.

---

खवचट_खेकडा | मंगळवार, सकाळी १०:५०

दुसरीपण बसवून बघायची होती. जास्त फिट बसली असती. हसून हसून पुरेवाट.

---

मधुरा_खारघर | मंगळवार, रात्री ९:२५

वरचं वाचून हसले. पण टिश्यूत गुंडाळणं हे कवळ्या हरवण्याचं खरंच मोठं कारण आहे, मी नर्सिंगमध्ये आहे, वॉर्डात सतत बघते. जेवणाच्या ट्रेवर, उशीच्या अभ्र्यात, चादरीत. चादर लाँड्रीला गेली की कवळी गेली. पेशंट मग मऊ भातावर राहतो, कुणी भेटायला आलं की तोंडावर पांघरूण घेतो.

म्हणून सगळ्यांना विनंती. डबीवर पर्मनंट मार्करने पूर्ण नाव लिहा. नवी करत असाल तर डॉक्टरांना सांगून कवळीतच नावाची चिठ्ठी बसवून घेता येते, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकखाली. आणि अ‍ॅडमिट करताना, विशेषतः ऑपरेशनच्या आधी, तोंडात कवळी आहे हे स्वतःहून सांगा, छोटी अर्धी असली तरी. इंग्लंडमधल्या एका बहात्तर वर्षांच्या माणसाची केस २०१९ साली छापून आली होती. पोटावरच्या किरकोळ ऑपरेशनच्या वेळी त्याची अर्धी कवळी घशात उतरली. गिळता येईना, रक्त पडायला लागलं, आणि आठ दिवसांनी ती स्वरयंत्रापाशी अडकलेली सापडली.

माझ्या आईला अर्धांगवायू झाल्यावर घरी मावशी ठेवल्या होत्या. त्यांना मी शिकवलं: जेवण झालं की कवळी काढायची, गालाच्या आत बोट फिरवून अन्न राहिलंय का बघायचं, ओल्या गॉजने हिरड्या पुसायच्या, मगच आडवं करायचं. लुळ्या बाजूच्या गालात वरणभाताचा गोळा तासन्‌तास राहतो आणि माणसाला कळत नाही. मावशींना सुरुवातीला किळस यायची, ते स्वाभाविक आहे. हातमोजे दिले, आणि त्यांच्यासमोर मी स्वतः करून दाखवलं.

---

पामबीच_पाटील | मंगळवार, रात्री १०:४०

हे सगळं कशाला? सरळ इम्प्लांट करा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. माझे केले, चिंता मिटली. आई-बापावर खर्च करताना हात आखडू नये.

---

राममारुतीरोड | मंगळवार, रात्री १०:५८

पाटीलसाहेब, हात आखडायचा प्रश्न नाही, हाताला काही लागायचा प्रश्न आहे. आमच्या आईला पूर्ण तोंडाचा जो आकडा सांगितला त्यात आमच्या गावी घर दुरुस्त झालं असतं.

---

दंतकथा | बुधवार, सकाळी ७:५०

भांडू नका. खालची कवळी फार हलत असेल तर दोन इम्प्लांटवर बटणासारखी बसणारी कवळी हा मधला मार्ग आहे. पण इम्प्लांट म्हणजे साफसफाईतून सुटका हा गैरसमज आहे. त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाडही खराब होतं, आणि ती कवळीही रोज काढून धुवावी लागते. पाटीलसाहेब, तपासणीला जाता ना?

---

पामबीच_पाटील | बुधवार, सकाळी ९:३०

जाईन.

---

जुनी_वही | बुधवार, दुपारी १२:१५

थोडं अवांतर. आजोबांची कवळी आमच्या ट्रंकेत होती, लालसर तपकिरी, जड. ती व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. अ‍ॅक्रिलिक १९३० च्या दशकाच्या शेवटी आलं, त्याआधी सगळीकडे हेच. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडी होती असं सांगतात ते खोटं. ती हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, माणसांचे दात आणि शिसं अशी मिळून केलेली होती, वर स्प्रिंगा. तोंड मिटून ठेवायलाच कष्ट पडत असणार. लाकडाच्या कवळ्या होत्या त्या जपानमध्ये, आणि चांगल्या बसायच्या म्हणतात. साफ कशाने करायचे कोण जाणे.

---

घोडबंदरी | बुधवार, दुपारी १२:४०

टँकरच्या पाण्याने नक्कीच नाही.

---

सानपाडा_फास्ट | बुधवार, संध्याकाळी ७:०५

राममारुतीरोड, तुमच्या आईच्या मापाचं म्हणालात म्हणून. खर्चाचा प्रश्न असेल तर डेंटल कॉलेजचा विचार करा. नवी मुंबईत भरपूर आहेत, नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, कामोठ्याला एमजीएम. मुंबईत नायर आणि सीएसएमटीजवळचं सरकारी. प्रोस्थोडॉन्टिक्स (कृत्रिम दात, कवळ्या) विभागात विद्यार्थी करतात, पण प्रत्येक टप्पा सरांना दाखवूनच पुढे जातात. बाहेरच्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. वेळ मात्र हाताशी हवा, खेपा होतात आणि परीक्षा आल्या की तारीख पुढे. माझ्या वडिलांची तशीच केली. विद्यार्थिनीने इतकं मन लावून केलं की वडील तिला अजून गणपतीत बोलावतात.

---

राममारुतीरोड | बुधवार, संध्याकाळी ७:३३

हे फार कामाचं. धन्यवाद, तुमच्या विचारपुशीत लिहिते.

---

उपवनकाठ | शनिवार, दुपारी ४:१०

सगळ्यांचे आभार. धागाकर्ती गायब झाली नव्हती, धावपळीत होते.

बाबांना दाखवलं. दंतकथा ताईंनी म्हटलं तेच निघालं, बुरशी. औषध टाळूला वेगळं, कवळीसाठी वेगळं. साखरही वाढलेली निघाली, त्यामुळे आता फॅमिली डॉक्टरही रागावलेत.

रात्री काढण्याचं मात्र नेरुळकाकांच्या वळणाने गेलं. कडी होती, पण पावसात फुगून लागत नव्हती. बाथरूम खोलीलाच आहे. मग अडचण काय? नवऱ्याने एका संध्याकाळी तलावपाळीवर फिरायला नेऊन विचारलं. घरात नव्हतेच बोलले ते. म्हणाले, "रात्री काही झालं, तुम्ही मला उचलून खाली नेलं, लिफ्टमध्ये सोसायटीची माणसं, वॉचमन, आणि मी असा." सासूबाईंना रात्रीच न्यावं लागलं होतं. त्यांचं सगळं लक्ष तिथे अडकलेलं, आणि आम्ही इकडे जंतूंवर भाषण देत होतो.

सुतार बोलावून कडी दुरुस्त केली. डबी बाथरूममधून काढून उशाशी ठेवली, झाकणाची, अपारदर्शक, वर नाव. नवऱ्याने शब्द दिलाय की काहीही झालं तरी डबी बरोबर घेतल्याशिवाय खोलीबाहेर न्यायचं नाही. मुलाला सांगितलंय, आजोबांच्या खोलीत दार वाजवून जायचं. गेले काही दिवस सकाळी डबी ओली दिसते. मी विचारलेलं नाही.

एक शंका: डबी उशाशी ठेवली तर चालेल ना? आणि चिकटवायची क्रीम आणू का? बोलताना खालची जरा उचलते म्हणतात.

---

निवांत_नेरुळ | शनिवार, संध्याकाळी ५:२०

बाबांना माझा नमस्कार सांगा. मलाही अगदी हेच वाटतं, फक्त मी कुणाला बोललो नव्हतो. माझी डबी आज उशाशी येते.

---

दंतकथा | शनिवार, रात्री ९:००

उशाशी चालेल, पाण्यात बुडालेली असली म्हणजे झालं. कोरडी पडली की आकार बदलतो. आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी तोंडातली काढायला सांगितली तर काढून त्या डबीतच ठेवा, पदरात किंवा खिशात नको.

क्रीम लगेच आणू नका. नवीच कवळी उचलत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, बहुतेकदा कुठेतरी कड जास्त असते. हिरडी कुठे दुखत असेल तर जायच्या आधी काही तास कवळी घालून ठेवा, नाहीतर दुखरी जागा दिसत नाही. घरी कानस लावू नका. जुनी कवळी सैल होते ते वेगळं, दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, कवळी तेवढीच राहते. तेव्हा आतून नवा थर देता येतो. क्रीमने ते झाकत बसलं की हाड आणखी झिजतं. वापरायचीच झाली तर थोडीशी, रात्री ब्रशने पूर्ण काढायची आणि झिंक नसलेली. जास्त झिंक पोटात जाऊन तांबं कमी होतं आणि हातापायाच्या नसांवर परिणाम होतो. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने याच कारणाने २०१० साली झिंकवाली क्रीम बंद केली होती.

---

दिघेकर | शनिवार, रात्री १०:१५

मला अर्धीच कवळी आहे, तारेच्या आकड्यांची. बाकीचे दात शाबूत. मग हे सगळं मला लागू नाही ना?

---

दंतकथा | शनिवार, रात्री १०:२२

तुम्हाला जास्त लागू आहे! आकडा ज्या दाताला धरतो तिथेच अन्न साचतं आणि तोच दात आधी किडतो. मग अर्धीची पूर्ण व्हायला वेळ लागत नाही. कवळी काढून आकड्याच्या आतून ब्रश फिरवा, आणि खरे दात मात्र फ्लोराइडच्या पेस्टने. दोन ब्रश ठेवा. आकडा वाकवून घट्ट करायचा नाही, तुटतो. आणि तुटलाच तर फेविक्विक नाही, हात जोडते.

---

खवचट_खेकडा | शनिवार, रात्री १०:४०

सगळं झालं, पण मुद्द्याचं कुणी विचारलंच नाही. दिवाळी तोंडावर आली. कवळीने चकली खाता येते का?

---

निवांत_नेरुळ | शनिवार, रात्री ११:०५

येते की. पुढच्या दातांनी तोडायला जायचं नाही, मागची बाजू उचलते. हाताने बारीक तुकडे करायचे, दोन्ही बाजूंना सारखे टाकायचे आणि दोन्हीकडून एकदम चावायचं. फक्त घरी सांगून ठेवा, भाजणीत तीळ बेताने. एक तीळ खालच्या कवळीखाली गेला की लक्ष्मीपूजनाच्या मंत्रात भलतेच शब्द येतात.